नेहमीचंच, सर

त्या दुपारी तो डाग मला दिसला होता. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, मुलीपुढे नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळे डोळे मिटून बसतात, तेव्हा मनातल्या मनातही नाही. आज लिहून टाकतो. पण ते नीट कळायचं तर आधी परचुरे सर कोण होते ते सांगायला हवं, आणि परचुरे सरांबद्दल मला चांगलं बोलता येत नाही. प्रयत्न करून पाहिला. जमत नाही.

परचुरे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. बाकी काही बदललेलं नाही.

मी हैदराबादच्या कोठी भागातल्या एका तपासणी केंद्रात एमआरआयचा टेक्निशियन आहे. मशीन तळघरात, वर रस्त्यावर जुन्या पुस्तकांची दुकानं. पेशंटला टेबलावर झोपवायचं, कमरेवर कॉइल बांधायची, कानांत बोळे घालायचे, हातात घंटीचा रबरी फुगा द्यायचा आणि काचेपलीकडे बसून चित्रं काढायची, हे माझं काम. ती चित्रं वाचून रिपोर्ट द्यायचा, हे रेडिऑलॉजिस्टचं काम. आमचे रेडिऑलॉजिस्ट परचुरे. मूळचे पुण्याचे. हैदराबादेत बावीस वर्षं काढली तरी या शहराला ते ‘हे गाव’ म्हणत. ‘या गावात वरण मिळत नाही’, ‘या गावात वेळ पाळत नाहीत’. बावीस वर्षांत तेलुगू शब्द शिकले एकच: ‘कदलकंडी’. म्हणजे हलू नका. तो आम्ही पेशंटला सांगतो. परचुरे तो लिफ्टवाल्याला सांगत, रिक्षावाल्याला सांगत, पाणी आणून ठेवणाऱ्या मावशींना सांगत. त्यांना सगळं जग एका जागी पडून राहिलेलं हवं होतं.

ठेंगणे, गोरे, रंगवलेले केस, आणि वरच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या रीडिंग रूममध्ये पायांत घरातल्या सपाता. खिशात एक छोटा चाकू. रोज अकरा वाजता पेरू कापायचा, तिखटमीठ लावायचं आणि चघळत चघळत माऊस फिरवायचा. त्या माऊसला मिठाचे कण चिकटलेले असत. दुपारी मी तिथे बसलो की आधी तो ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचो. त्यांचा चहाचा स्टीलचा पेला वेगळा, कपाटात वरच्या फळीवर. ‘स्वच्छतेसाठी रे,’ असं ते म्हणत. इतक्या वर्षांत मी तो एकदाच उचलून दिला. त्या दिवशी त्यांनी मावशींकडून तो दोनदा धुऊन घेतला. तोंडानं काही बोलले नाहीत. बोलले असते तर मलाही काही बोलता आलं असतं.

मी भोकरकडचा, नांदेड जिल्ह्यातला. वडील इथे एका बँकेत शिपाई म्हणून आले, तेव्हापासून आम्ही विद्यानगरला. घरात मराठी, जिन्यात तेलुगू, बाजारात दखनी. त्यामुळे माझ्या बोलण्यात सगळं कालवलेलं. पूर्ण केंद्रात मराठी कळणारे आम्ही दोघंच. त्याचा आनंद परचुऱ्यांना कधी झालेला मी पाहिला नाही. ‘वाघमारे, तुझी मराठी निजामाच्या घरी राबून आलीय,’ असं ते म्हणत. मराठीचा उपयोग त्यांना एकाच कामासाठी होता: चारचौघांत मला असं काही म्हणायचं, की माझ्याशिवाय कुणाला कळू नये.

एवढं सगळं असून माणूस मुळात हुशार होता. हे कबूल करताना मला त्रास होतो. पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं, दिवसाला सहा-सात पेशंट असायचे तेव्हा, ते चित्र वाचायला बसले की पेरूही बाजूला राहायचा. मी एकदा मागे उभा होतो. पडद्यावर एका म्हाताऱ्याची प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी. त्यांनी वळून न पाहता विचारलं, ‘काय दिसतंय?’

‘पुढे काळं दिसतंय, सर.’

‘ते सगळ्यांचंच काळं असतं. ग्रंथीच्या पुढच्या अंगाला स्नायूची पट्टी असते, ती भिंत समज. आता हे बघ.’ त्यांनी शेजारी दुसरं चित्र उघडलं. ‘पेशींमधलं पाणी मोकळं फिरतंय की अडकलंय, ते ही जोडी सांगते. कॅन्सरच्या पेशी दाटीनं बसतात, पाण्याला हलायला जागा उरत नाही. मग ती जागा या चित्रात काळी पडते आणि या दुसऱ्या चित्रात पेटते. दोन्ही हवं. नुसतं काळं फसवतं. भिंत काळी असते, पण भिंत पेटत नाही. पेटली तर समजायचं, भिंतीत कुणीतरी आहे.’

असं कुणी शिकवत नाही. माझ्या कोर्समध्ये तर नाहीच शिकवलं. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, असा डॉक्टर आख्ख्या हैदराबादेत नसेल. ती म्हणाली, ‘मग चेहरा असा का पडलाय?’ कारण शिकवून झाल्यावर परचुरे हसून म्हणाले होते, ‘तुला सांगून काय उपयोग म्हणा. पण भिंतीला सांगण्यापेक्षा बरं.’

पुढे पेशंट वाढले. दिवसाला पंचवीस, तीस. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या, रात्री चारदा उठणाऱ्या, रक्तात पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या दुखण्याची खूण, वाढलेल्या म्हाताऱ्यांची रांग लागली. परचुऱ्यांनी साचा काढला. म्हणजे कॉम्प्युटरवर तयार रिपोर्ट: ग्रंथी वयोमानानुसार वाढलेली, संशयास्पद भाग दिसत नाही, गुण दोन. या तपासणीत एक ते पाच गुण देतात. चार-पाच आले की सुई घालून तुकडा काढायला पाठवतात, दोन म्हणजे घरी जा. नाव, वय, आकार एवढंच भरायचं, आणि ते मी भरायचं, कारण टायपिस्ट सोडून गेली होती आणि नवी घ्यायला मालक तयार नव्हते. मी भरून ठेवायचो, परचुरे येऊन खुर्चीत टेकायचे, मागचा भाग वरवर फिरवायचे आणि विचारायचे, ‘नेहमीचं?’

मी म्हणायचो, ‘नेहमीचं, सर.’ सही.

‘मागे बघायचं, रोग मागे बसतो,’ असं त्यांचं नवं सूत्र होतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. ‘पेशंटला रोग नको असतो, वाघमारे, रिपोर्ट हवा असतो. आपण दोन्ही बाजूंनी त्याची सोय करतो.’ स्वतःच्या अशा वाक्यांवर ते स्वतःच मान डोलवत.

या सोयीचा एक नमुना सांगतो. मल्लेपल्लीचे एक फर्निचरवाले आले होते. चार वर्षांपूर्वी त्यांची प्रोस्टेट ऑपरेशन करून काढलेली, आता पीएसए पुन्हा किंचित वर आला म्हणून तपासणी. घाईत मी नेहमीचा साचा लावला, आकाराच्या जागी आदल्या पेशंटचा आकडा राहिला. परचुऱ्यांनी सही ठोकली. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ रिपोर्ट हातात धरून काउंटरवर उभे. ‘डॉक्टरसाब, मेरा तो निकाल दिए चार साल हो गए. ये बयालीस ग्राम किसका है?’

सगळं केंद्र हसलं. मीही हसलो असतो. परचुरे बाहेर आले, रिपोर्ट पाहिला आणि सगळ्यांसमोर इंग्रजीत म्हणाले की टायपिंग वाघमारेचं आहे. मग माझ्याकडे वळून मराठीत, शांतपणे: ‘ज्याच्याकडे नाही त्यालाही देऊन बसलास. दानशूर आहेस.’ टाइप मीच केलं होतं, ते नाकारत नाही. पण सही कुणाची होती?

दुसरा प्रसंग मला अजून झोंबतो. एका पेशंटच्या चित्रात मागे डाव्या बाजूला मला गाठ वाटली. मी धीर करून म्हणालो, ‘सर, इथं एकदा बघता का?’ खोलीत दोन शिकाऊ डॉक्टर, रिसेप्शनची कविता, आणखी कुणीतरी होतं. परचुरे खुर्चीतून उठले. खुर्ची माझ्याकडे वळवली आणि सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाले, ‘या, डॉक्टर वाघमारे. बसा. सगळ्यांनी उभं राहा, आता हे रिपोर्ट देणार आहेत.’ मी बसेपर्यंत ते थांबले. खरोखर बसवलं. मग म्हणाले, ‘सांगा.’ मी पडद्याकडे बघत बसलो. ‘जुनी सूज आहे ती,’ ते म्हणाले, ‘ऊठ.’ आणि ती जुनी सूजच निघाली. तेच जास्त लागलं. माझं बरोबर निघालं असतं तर मी तो अपमान विसरून गेलो असतो. त्या दिवसापासून मी ठरवलं: चित्र काढायचं, साचा भरायचा, तोंड उघडायचं नाही. आत मात्र एक गोष्ट रोज थोडी थोडी वाढत गेली. मी त्यांची चूक शोधू लागलो. प्रत्येक पेशंटची चित्रं आधी मी वाचायचो, पुढून मागपर्यंत, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, आणि मग त्यांच्या सहीकडे पाहत बसायचो. एक दिवस हा माणूस आपटेल. मला तो आपटताना बघायचा होता.

यादगिरी अंकलबद्दल सांगतो. विद्यानगरला आमच्या मजल्यावर, जिन्याच्या पलीकडच्या घरात राहतात. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून रिटायर झालेले. माझ्या मुलीला, सुजाताला, सहावीपासून बारावीपर्यंत गणित त्यांनी शिकवलं. रोज संध्याकाळी सहा ते सात, त्यांच्या व्हरांड्यात, एक फळा आणि बसायला दोन वेताचे मोढे. काही द्यायला गेलो की म्हणायचे, ‘नक्को बाबा. मेरेकू टाइमपास होरा. पोट्टी हुशार है.’

सुजाताचा सरकारी कॉलेजात एमबीबीएसला नंबर लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आबिड्सवरून पेढे घेऊन केंद्रात गेलो. सगळ्यांना दिले. कवितानं टाळ्या वाजवल्या. परचुऱ्यांसमोर डबा धरला. त्यांनी दोन बोटांनी एक पेढा उचलला, कागदावर ठेवला आणि मराठीत म्हणाले, ‘वा वा. सीट सरकारनं दिली. आता नजरही सरकारच देईल, काय?’

आणि हसले. डॉक्टर हसले म्हणून कविता हसली, मावशी हसल्या. त्यांना काय कळणार? आपला सगळा आनंद सगळ्यांच्या देखत कुणी पायदळी तुडवावा आणि ते पाहणारा साक्षीदार एकही नसावा, असं ते होतं. मीही हसलो. डबा बंद केला. पेढा त्या कागदावर संध्याकाळपर्यंत तसाच होता.

त्याच दुपारी दोन वाजता यादगिरी अंकल तपासणीला आले. पीएसए वाढला होता, डॉक्टरांनी एमआरआय सांगितलेला. मीच म्हणालो होतो, आमच्याकडे या, मी नीट काढून देतो. फार खुशीत होते. टेबलावर झोपताना म्हणाले, ‘डॉक्टरम्मा के बाप, पेढा किधर है मेरा?’

‘पहले फोटो, अंकल. हलना नक्को.’

‘हौ हौ. कदलनु.’

मी खरंच नीट काढली. आतड्यात हवा होती, त्यानं पाण्याची चित्रं वाकडी येत होती. त्यांना उठवून बाथरूमला पाठवलं, परत झोपवलं, परत काढली. इतकी स्वच्छ चित्रं मी त्या वर्षात काढली नव्हती. आणि त्या स्वच्छ चित्रांत मला ते दिसलं. पुढे, भिंतीच्या जागी, डावीकडे जरा फुगलेलं. एका चित्रात काळं. मी दुसरं उघडलं. पेटलेलं होतं.

काचेपलीकडे अंकल पँटची नाडी बांधत होते. मी त्या डागावर बाण काढला. बाण काढायला एक सेकंद लागतो. मग वर रीडिंग रूममध्ये जाऊन साचा उघडला, नाव भरलं, वय भरलं, आकार मोजून भरला. खाली गुण दोन आधीच लिहिलेले होते, ते तसेच ठेवले. मनाशी म्हटलं, सर आले की बाण त्यांना दिसेल. मला बोलावं लागणार नाही.

परचुरे आले. टेकले. मागचा भाग फिरवला. बाण पुढच्या भागात होता, तिथे ते पोचलेच नाहीत.

‘नेहमीचं?’

आता मी जे लिहितोय ते नीट वाचा. मी घाबरलो नव्हतो. लोकांना सांगायची वेळ आली तर मी भीती सांगेन, असं इतकी वर्षं ठरवून ठेवलेलं होतं. साहेब रागीट, नोकरी लहान, मुलीची फी. ते खोटं आहे. त्या क्षणी मला भीती बिलकुल नव्हती. कागदावरचा पेढा दिसत होता, आणि मला वाटलं, आला. हाच तो. हा दुसरीकडे पकडला जाणार. पीएसए एवढा वर आहे म्हटल्यावर अंकलचे डॉक्टर तुकडा काढतीलच, नाहीतर दुसऱ्या सेंटरला पाठवतील, महिन्याभरात कॅन्सर निघेल, अंकलचा वेळेवर इलाज होईल आणि या माणसाची सही सगळ्या गावात फिरेल. ‘हे गाव’ त्याला दाखवेल. हे सगळं, एवढं सगळं, ‘नेहमीचं?’ आणि उत्तर यांच्या मधल्या जागेत माझ्या डोक्यात तयार झालं.

‘नेहमीचंच, सर,’ मी म्हणालो.

त्यांनी सही केली. ते बाहेर गेल्यावर मी बाण पुसला.

अंकलच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, दोन गुण पाहिले आणि तुकडा काढला नाही. का काढावा? ग्रंथी मोठी आहे, पीएसए त्यामुळेच वाढतो, गोळ्या घ्या, सहा महिन्यांनी दाखवा. माझा हिशेब इतका सरळ चुकेल असं मला वाटलं नव्हतं. मी ज्या सहीची लाज काढायला निघालो होतो, त्या सहीवर बाकी सगळ्यांचा विश्वास होता.

मग मी वाट पाहिली. सहा महिने, मग आणखी सहा. रोज जिन्यात भेट. अंकल टोपी घालून फिरायला निघालेले, मी ड्यूटीला. एकदा मी तोंड उघडलं. ‘अंकल, एक बार दुसरी जगह भी दिखा लेते क्या?’

‘कायकू? तुम्हारेच सेंटर में निकाले ना. तुम खुद थे ना मशीन पे.’

‘हौ. फिर भी.’

‘शक्की हो गए तुम,’ असं म्हणून हसत खाली उतरले. त्यावर आणखी एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोललो नाही. बोललो असतो तर ‘तुला कसं कळलं?’ हा प्रश्न आला असता.

दीड वर्षानं त्यांची कंबर धरली. चालवेना. पुन्हा आमच्याकडेच आले. या वेळी डाग शोधावा लागला नाही. ग्रंथीचं पुढचं अंग भरून तो बाहेर पडला होता आणि कमरेच्या हाडात दोन ठिकाणी उतरला होता. मी चित्रं वर पाठवली आणि जिना चढून रीडिंग रूमच्या दारात उभा राहिलो.

परचुऱ्यांनी जुनी तपासणी शेजारी उघडली होती. पेरू कापलेला, मीठ लावलेला, तसाच. ते मागच्या भागाकडे गेले नाहीत. सरळ पुढे गेले. काळं पाहिलं, जोडीचं उघडलं. किती वेळ लागला असेल? पाच सेकंद. तो डोळा गेला नव्हता कुठेच. इतकी वर्षं त्यांनी तो नुसता वापरला नव्हता. याबद्दल मी त्यांना कधीच माफ करणार नाही. जमत नव्हतं म्हणून चुकले असते तर गोष्ट वेगळी.

खोलीत आम्ही दोघंच होतो. माझ्या तोंडून निघालं, ‘सर, जुना डेटा सर्व्हरवरून गेला म्हणून टाकू का? दीड वर्षाचा आहे. जातो कधीकधी.’

त्यांनी मान वळवली. ‘गेलाय?’

‘नाही.’

‘मग?’

ते पुन्हा पडद्याकडे वळले. साचा उघडला नाही त्यांनी. कोऱ्या पानावर स्वतः टाइप करायला बसले, दोन बोटांनी, चुका खोडत. मी तिथेच उभा. शेवटी त्यांनी जे लिहिलं ते इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ असा: हा डाग मागील तपासणीच्या चित्रांत याच जागी स्पष्ट दिसतो; तेव्हा तो माझ्याकडून नोंदवला गेला नाही. खाली पूर्ण नाव आणि सही.

‘माझ्याकडून’ हा शब्द कुठल्याही रिपोर्टात नसतो. मी हजारो टाइप केलेत. ‘नोंदवला गेला नाही’ एवढं लिहून भागलं असतं. तेवढंही न लिहिता भागलं असतं.

मी वाट पाहत होतो तसे ते आपटले. अंकलचा मुलगा, रवी, मालकांच्या केबिनमध्ये येऊन ओरडून गेला. ज्यांच्या पेशंटांवर केंद्र चालत होतं, त्या दोन डॉक्टरांनी पेशंट पाठवणं थांबवलं. मालकांनी परचुऱ्यांना विचारलं, असं लिहायची काय गरज होती? ते काय म्हणाले मला माहीत नाही. महिनाअखेर त्यांना जायला सांगितलं. मला जे बघायचं होतं ते सगळं मी समोरून बघितलं, आणि मला त्यात काही मिळालं नाही.

रवी तक्रार करायला निघाला होता. यादगिरी अंकलनीच अडवलं. व्हरांड्यात पलंगावर पडून होते, मी गोळ्या आणून दिल्या होत्या. रवीला म्हणाले, ‘अरे, उन्होंने खुद लिखे ना. नई लिखते तो अपने बाप कू भी मालूम नई पडता था.’ मग माझ्याकडे पाहून, अगदी साधेपणानं, जसं सुजाताला गणिताचं उत्तर विचारत तसं: ‘उस दिन तुमको क्या तो भी दिखा था क्या?’

‘मैं तो फोटो निकालनेवाला, अंकल. पढना डॉक्टर का काम.’

‘हौ,’ म्हणाले. ‘वो भी सच है.’

परचुऱ्यांची माझी शेवटची भेट कोठीच्या रस्त्यावर झाली. पुस्तकांचं एक खोकं आणि एक बॅग. लिफ्ट बंद होती. खोकं मी उचलून खाली आणलं. जिन्यात तीन ठिकाणी त्यांनी सांगितलं, ‘आपटू नकोस. त्यात काय आहे ते तुला कळायचं नाही.’ म्हणजे स्वभावात काडीचा फरक पडला नव्हता. कुणाला वाटेल, त्या एका ओळीनं माणूस धुऊन निघाला असेल. नाही निघत. वरच्या फळीवरचा पेला त्यांनी आठवणीनं बॅगेत घातला होता. रिक्षावाला नामपल्ली स्टेशनचे जास्त मागत होता, ते त्याला मराठीत रागावत होते, तो तेलुगूत उत्तर देत होता, आणि दोघांनाही दुसऱ्याचं चुकतंय याची खात्री होती.

खोकं मांडीवर घेऊन बसले. केस रंगवलेले नव्हते. मुळापासून दोन बोटं पांढरे. म्हणाले, ‘एक विचारायचं राहिलं, वाघमारे. त्या दिवशी तू पाहिलं नव्हतंस ना?’

मी बॅग त्यांच्या पायाशी सरकवली.

‘नसशीलच पाहिलं,’ त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. ‘पाहिलं असतंस तर बोलला असतास. पुन्हा मी तुला खुर्चीवर बसवलं असतं, तरी बोलला असतास. तेवढा आहेस तू.’

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल काढलेला हा एकच बरा शब्द. रिक्षा सुरू झाली. मी हात जोडले. ते समोर बघत होते, एक हात खोक्यावर. बँक स्ट्रीटच्या वळणावर रिक्षा एका बसच्या मागे अडकली, त्यांनी डोकं बाहेर काढून काहीतरी ओरडून सांगितलं, मग बस निघाली.

यादगिरी अंकल आहेत. दर तीन महिन्यांनी हार्मोन दाबायचं इंजेक्शन असतं, मी त्यांना घेऊन जातो. इंजेक्शननं अंगातून वाफा निघतात, तेव्हा भर थंडीत पंखा लावून बसतात आणि सुजाताची चौकशी करतात. डॉक्टर म्हणतात, काही वर्षं निघतील. दीड वर्ष आधी कळलं असतं तर कदाचित पूर्ण बरे झाले असते. हे डॉक्टर म्हणत नाहीत, हे मी म्हणतो. परचुरे पुण्यात असतात असं ऐकतो. काम करत नाहीत.

मी हे मराठीत लिहितोय. अंकलना मराठी वाचता येत नाही. सुजाताला येतं, पण एक पान वाचायला तिला अर्धा तास लागतो आणि ती कंटाळते. हे लिहिताना मला माहीत होतं.

देणं असं आहे. यादगिरी अंकलनी विचारलेल्या प्रश्नाला मी ‘हौ’ हे उत्तर देणं लागतो, त्यांच्या तोंडावर, त्यांच्या भाषेत. आणि परचुऱ्यांना एक फोन. नंबर माझ्याकडे आहे. आज तारखेपर्यंत दोन्ही राहिलेलं आहे.